हाकेला ओ

तांपेरेत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
संगणकाला ते ठाऊक असतं. न सांगता
खिडक्या काळ्या होतात, अक्षरं करडी,
ऑफिसातले सहाही पडदे एकदम निवतात.
फक्त आमचा प्रोग्रॅम
पांढराफटक,
बंद दुकानात विसरून राहिलेल्या दिव्यासारखा.

'होईल दुरुस्त,' ओत्सो म्हणाला.
एकदाच लिहायचं, तिन्ही यंत्रणांवर चालवायचं,
हा त्याचा हिशेब. हिशेबात चूक नव्हती.
बटणं त्यानं स्वतः रंगवली होती,
मूळच्या बटणांवर भिंग धरून:
कोपऱ्याची गोलाई, सावलीचा उतार,
दाबल्यावर केसभर किती खाली जायचं.
शेजारी शेजारी ठेवली असती
तर आईनंही ओळखलं नसतं
पोटचं कुठलं.

मला तरी काहीतरी खुपायचं.
पान सरकवलं की थांबायचं,
पण थांबता थांबता जे जरा रेंगाळायचं असतं
ते रेंगाळायचं नाही.
उजवी कळ दाबली की मेनू यायचा,
घाईत भरलेल्या बॅगेसारखा,
नेमकं हवं तेच घरी राहिलेलं.
आणि ते दोन टिंबं डोक्यावर मिरवणारं अक्षर,
इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे
की ते मुळाक्षरांच्या मागच्या बाकावर बसतं,
आमच्या यादीत पुढे येऊन बसलेलं,
नवख्या मास्तरानं बसवल्यासारखं.

गुरुवारी ताइमी वेहकाला आली.
बुटांवरचा बर्फ झटकला, काठी घडी करून खिशात.
'पडदा बंद केलात तरी चालेल,' म्हणाली,
'मला लागत नाही. वीज तुमचीच वाचेल.'

यंत्रणेच्या खिडक्यांतून ती फिरली
तेव्हा यंत्र इतकं भराभर बोलत होतं
की आम्हा डोळसांना एक शब्द कळेना.
ती मात्र मान डोलवत होती,
गावातून जाताना ओट्यांवरच्यांना
ओळख देत जावं तशी.

मग आमच्या प्रोग्रॅममध्ये शिरली.

गट.
गट.
अनामिक.
गट.
अनामिक.

ओत्सो पुढे झाला, बोटानं पडद्यावर दाखवायला,
'हे काय, इथंच तर आहे.'
पडदा काळा होता.
त्यानं हात मागे घेतला,
कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

'मी इस्पितळाच्या एक्स्चेंजवर होते,' ताइमी म्हणाली,
'एकोणीस वर्षं. पहिल्याच आठवड्यात समजतं.
भिंतीवर डबी असते, डबीवर आकडा असतो,
हात फिरवला तर सगळं जिथल्या तिथं.
आत वायर जोडलेली नसते.
आपण हाक मारत राहतो. ओ येत नाही.
मग म्हणायचं, या खोलीत कोणी राहत नाही.'

त्या रात्री मी एकच बटण काढून टाकलं.
त्या जागी यंत्रणेचं आपलं ठेवलं, साधंसुधं,
एक ओळ, रंग नाही की सावली नाही.
ओत्सोच्या बटणांत ते बसलं
मेजवानीत घरच्या कपड्यांत आलेल्या माणसासारखं.

शुक्रवारी ताइमीनं टॅब दाबला.
गट. अनामिक. गट.
'तालेन्ना,' यंत्र म्हणालं. जतन करा.
'बटण.'
ती हसली नाही, काही बोलली नाही,
फक्त बोट तिथंच थांबलं थोडा वेळ.
साडेतीन वाजता
आमच्या त्या पांढऱ्या पानावर
तेवढा एक चौकोन आपणहून काळा झाला.

बाकीची तेहेतीस मुकी आहेत अजून.
ओत्सो नवा हिशेब मांडून बसलाय,
तीनदा लिहायचं तर माणसं किती, महिने किती,
त्याही हिशेबात चूक नाही.
सगळे गेले की मी पडदा विझवतो,
आणि अंधारात
टॅब दाबत राहतो.
गट.
अनामिक.